घरमालकीणबाईंचे उपकार

आधी तक्रार सांगते, मग पुस्तकाकडे वळते. सेलेस्ट इंग यांची ‘लिटल फायर्स एव्हरीव्हेअर’ ही इंग्रजी कादंबरी मी दोनदा विकत घेतली, कारण पहिली प्रत बनावट निघाली. ऑनलाइन मागवली होती आणि किंमत इतकी कमी होती की तिथेच शंका यायला हवी होती. छत्तीस वर्षं बँकेत काढली, खोटी नोट बोटांना कळते, पण खोटं पुस्तक काही कळलं नाही. कागद पुरवणीचा वाटावा असा, ओळी तिरक्या, आणि ऐन कोर्टाच्या प्रसंगात सोळा पानं दोनदा बांधलेली, म्हणजे पुढची सोळा गायब. साक्ष सुरू झाली आणि पान उलटलं तर थेट निकालानंतरची रडारड. पैसे परत मिळाले, पण ‘परत पाठवण्याचे कारण’ या रकान्यात ‘निकाल कळला नाही’ असा पर्याय नव्हता. दुसरी प्रत डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात सांगून आणवली. ती मात्र चांगली निघाली.

लेखिकेचं आडनाव इंग्रजीत दोनच अक्षरांचं, एन आणि जी. उच्चार ‘इंग’. हे मला जावयाने सांगितलं. तोवर मी ‘एनजी, एनजी’ करत होते, जणू गॅसची एजन्सी.

पुस्तक घेतलं त्याला कारण होतं. लेक-जावई अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या एका उपनगरात राहतात. तिच्या बाळंतपणाला निघाले तेव्हा बँकेतली जुनी मैत्रीण म्हणाली, “अगं, त्याच गावाजवळची गोष्ट आहे, वाच.” मग डिंक, अळीव आणि बाळंतशोपा यांच्यामध्ये हे पुस्तक घातलं आणि निघाले.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझी स्वतःची छोटी आग लावून झाले. बाळाला न्हाऊ घातलं, म्हटलं ओव्याची धुरी द्यावी. निखारे कुठून आणणार, म्हणून जुन्या तव्यावर कोळशाची वडी गॅसवर लाल केली आणि वर चिमूटभर ओवा टाकला. दहा सेकंदांत छतावरचा धुराचा गजर असा किंचाळायला लागला की जावई दाढीच्या फेसासकट धावत आला. मी खिडक्या उघडतेय, लेक टॉवेलने वारा घालतेय, बाळ शांत झोपलेलं. त्या रात्री पुस्तक उघडलं तर पहिल्याच प्रकरणात एलेना रिचर्डसन या बाईंना जाग येते ती धुराच्या गजरानेच. मी मोठ्याने हसले आणि बाळ उठलं.

पुढे मात्र हसू आलं नाही. बाई घरभर धावतात, एकेका मुलाच्या खोलीत डोकावतात, आणि बाहेर हिरवळीवर उभ्या असताना त्यांच्या लक्षात येतं की चौथ्या अपत्याला, धाकट्या इझीला, आपण शोधलंच नाही. प्रत्येक पलंगाच्या मधोमध वेगळी आग लावलेली. कुणी लावली याबद्दल सगळ्यांची खात्री आहे, इझीनेच. का लावली, ते सांगायला बाकीचं पुस्तक. ‘शोधलंच नाही’ हे इंगबाई एका वाक्यात सांगून पुढे निघून जातात. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

गोष्ट १९९७ सालातली, गाव शेकर हाइट्स. हे खरंखुरं गाव आहे, क्लीव्हलंडला चिकटलेलं, आणि लेखिका स्वतः तिथे वाढलेल्या. व्हॅन स्वेरिंजन नावाच्या दोन अविवाहित भावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखून वसवलेलं. त्याआधी तिथे शेकर पंथाच्या लोकांची वस्ती होती. हा पंथ ब्रह्मचर्य पाळणारा, त्यामुळे स्वतःची पोरं नाहीत, अनाथांना वाढवायचे. आई कोण, मूल कुणाचं, यावरच्या कादंबरीला याहून चांगली जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती. कादंबरीतल्या शेकरमध्ये सगळ्याला नियम. घराची धाटणी ठरलेली, त्यानुसार रंग ठरलेले. गवत सहा इंचांच्या वर गेलं की नोटीस. कचऱ्याचे डबे रस्त्यावर दिसायचे नाहीत. छोट्या गाड्या घराच्या मागे येऊन कचरा नेतात.

आम्ही एका रविवारी मुद्दाम विन्स्लो रोड पाहायला गेलो. बाळ मागच्या सीटवर, मी शेजारी पुस्तक घेऊन. या रस्त्यावरची घरं दोन कुटुंबांची, पण बाहेरून बघावं तर एकाच कुटुंबाचा बंगला वाटावा अशी बांधलेली. कादंबरीतल्या घराला बाहेर एकच दार आहे, आत शिरलं की दोन. म्हणजे आत भाडेकरू राहतो हे रस्त्यावरच्याला कळू नये. जावई म्हणाला, “किती विचार केलाय बघा, भाडेकरूंना कमीपणा वाटू नये म्हणून.” मला वाटलं, कमीपणा नेमका कुणाला वाटायचा होता? पण जावयाशी रविवारी वाद घालू नये.

आता या घरात राहायला येतात मिया वॉरन आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी पर्ल. मिया फोटोग्राफर, कलावंत. सगळा संसार एका जुन्या फोक्सवॅगनमध्ये मावतो. काही महिने एका गावात, की निघाल्या दुसरीकडे. घर एलेनाबाईंचं, आईवडिलांकडून आलेलं. भाड्याच्या पैशांची त्यांना गरज नाही. म्हणून त्या भाडेकरू निवडतात, परिस्थितीने मागे राहिलेले पण ‘लायक’ असे. थोडं कमी भाडं घ्यायचं आणि कुणाचं तरी भलं केलं याचं समाधान ठेवायचं.

माझ्या मते सगळं पुस्तक या एका शब्दावर उभं आहे. लायक. कोण लायक भाडेकरू, कोण लायक आई. ठरवणार कोण, तर जिच्याकडे किल्ल्या आहेत ती.

एलेना वाईट बाई नाही. स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार आहे, वेळ पाळते, मुलांचे डबे-शाळा चोख. मियाला ती आपणहून म्हणते, हॉटेलातली धडपड कशाला करतेस, आमच्याकडे थोडी साफसफाई आणि संध्याकाळचा स्वयंपाक कर, भाडं सुटेल आणि फोटोंना वेळ मिळेल. किती मनापासून बोलते! भाडेकरीण म्हणून आलेली बाई दोन पानांत मोलकरीण होते आणि बोलणारीला वाटतं आपण कलेला आश्रय दिला. मिया क्षणभर थांबते. ती हो म्हणते ते वेगळ्याच कारणाने: पर्ल दिवसदिवस त्या घरात पडीक असते, निदान डोळ्यांसमोर राहील. गंमत अशी की तिकडे पर्लला रिचर्डसनांचा मोठा सोफा, भरलेला फ्रिज, भावंडांचा गोंधळ हवासा वाटतो आणि इकडे इझीला मिया हवीशी वाटते. पोरं आपापल्या आया बदलून घेतात आणि मोठ्यांना पत्ता नसतो.

इथे माझं स्वतःचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझी लेक १९९३ सालची. तीन महिन्यांची रजा संपली आणि मी पुन्हा ७.२७ ची फास्ट पकडायला लागले. लेकीला वाढवलं आमच्या मावशींनी, अकरा वर्षं. मावशी जव्हारकडच्या. स्वतःचा मुलगा गावी आजीजवळ, इकडे माझी मुलगी त्यांच्या मांडीवर. लेक बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा ‘आई’ त्यांनाच म्हणाली; मी बुटांच्या पट्ट्या सोडत दारात उभी होते. मावशींनी घाईघाईने तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. “ही बघ आई, ही.” त्यांचा चहाचा कप वेगळा होता, कान तुटलेला, ओट्याच्या खालच्या फळीवर. तो वेगळा का, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. आम्ही जात मानत नव्हतो ना.

पुस्तकात मोठी मुलगी लेक्सी असंच म्हणते, आपलं गाव किती छान, इथे कुणी वंश बघत नाही. तिचा मित्र कृष्णवर्णीय आहे, त्यामुळे तिला हे बोलायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. तिचा भाऊ मूडी तिला सुनावतो की बघतात सगळेच, काही लोक न बघितल्याचं नाटक करतात एवढंच. वाचताना मला आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. ‘आम्हाला जातीपातीशी काही देणंघेणं नाही, फक्त भाडेकरू शुद्ध शाकाहारी हवा.’ शेकर हाइट्सने खरं तर आपल्यापेक्षा जास्त प्रयत्न केले म्हणायचे. १९५६ मध्ये तिथल्या लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घराच्या गॅरेजमध्ये बॉम्ब फुटला, आणि पुढच्याच वर्षी गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांनी मिळून संघटना काढली, एकत्र राहायचं म्हणून. आमच्या सोसायटीने आजवर एकत्र काढलंय ते फक्त गणपतीचं कार्ड. असो.

कादंबरीचा दुसरा धागा कोर्टातला. बेबी चाऊ नावाची चिनी स्थलांतरित बाई, बाळाचा बाप सोडून गेलेला, दूध नाही, पैसे नाहीत, डोकं ठिकाणावर नाही. कडाक्याच्या थंडीत ती तान्ही मुलगी अग्निशमन केंद्राच्या दाराशी ठेवते. एलेनाची जुनी मैत्रीण लिंडा मॅककलॉ, वर्षानुवर्षं मूल होत नसलेली, त्या बाळाला दत्तक घ्यायला निघते. मे लिंगची मिराबेल होते. मग बेबी सावरते, मियासोबत हॉटेलात काम करत असते, आणि एक दिवस कळतं की पोरगी कुठे आहे. गाव दोन तटांत विभागतं.

हा प्रसंग आपल्याकडे कुणाला सांगितला की लगेच देवकी-यशोदा काढतात. माझ्या विहीणबाईंनी फोनवर काढलंच. मला त्या दाखल्याचा कंटाळा आहे. त्या गोष्टीत यशोदेची स्वतःची नुकती जन्मलेली मुलगी उचलून कंसाकडे नेली होती, तिचं काय झालं हे विचारायला कुणी थांबत नाही. एका बाळाची सोय लागली की दुसऱ्याचा हिशेब मिटला असं आपण धरतो.

ती सोळा गायब पानं दुसऱ्या प्रतीत वाचली आणि कळलं, पुस्तकाचा जीव तिथेच आहे. बेबीचा वकील एड लिम हा स्वतः चिनी वंशाचा. तो आवाज न चढवता लिंडाला विचारतो, बाळाला तिच्या मुळांशी जोडून ठेवायला तुम्ही काय करता? लिंडा सांगते, आम्ही चिनी हॉटेलात जेवायला जातो. खेळणी कसली? पांडा आहे. बाहुल्या? बाहुल्या सगळ्या सोनेरी केसांच्या, कारण दुकानात त्याच मिळतात. बिचारी लिंडा खोटं बोलत नाही. तिचं बाळावर प्रेम आहे हे लेखिका एकदाही नाकारत नाही. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. मी पुस्तक खाली ठेवलं आणि नातवाच्या खेळण्यांची टोपली पाहिली. जिराफ, अस्वल, अजून एक अस्वल. मी डोंबिवलीहून नेलेला लाकडी खुळखुळा तळाशी होता. त्याचा रंग तोंडात जातो म्हणून लेकीने बाजूला ठेवलेला.

सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग मात्र वेगळाच. (इथून पुढे कथानक फुटतं. ज्यांना वाचायचंय त्यांनी एक परिच्छेद सोडावा.) लेक्सीला दिवस जातात. ती गर्भपाताला जाते आणि दवाखान्यात नाव सांगते पर्ल वॉरन. नंतर एलेना आपल्या ओळखीने त्या नोंदी पाहते आणि तिची खात्रीच पटते, आई तशी लेक. बँकेच्या भाषेत सांगायचं तर व्यवहार एकाचा आणि नावे टाकला दुसऱ्याच्या खात्यात. दुसरा गरीब असल्यामुळे तपासणीत कुणालाच खटकलं नाही. लेक्सी दुष्ट नाही हो. तिला नाव हवं होतं, ते हाताशी होतं. त्याआधीही तिने पर्लकडून कॉलेजच्या अर्जाचा निबंध असाच लिहून घेतलेला असतो. घेण्याची सवय असलेल्या माणसाला आपण घेतोय हे कळतच नाही, आणि ही सवय तिला कुणाकडून लागली तेही इंगबाई न सांगता दाखवतात.

उणिवा आहेत. मिया फार शहाणी आहे. तिला कधी चिडचिड होत नाही, कधी पोरीवर हात उगारावासा वाटत नाही. पंधरा वर्षं एकटीने पोर वाढवलेली बाई इतकी शांत असेल तर मला तिचा पत्ता द्या. तिचा पूर्वेतिहास, न्यूयॉर्कमधल्या जोडप्यासाठी गर्भ वाढवायचं कबूल करणं आणि मग बाळ पोटात घेऊन पळणं, एकदम लांबलचक प्रकरणात ओतलाय. मधला भाग मी पानं चाळत काढला. संग्रहालयातल्या एका फोटोवरून सगळं उकलायला लागतं, तो योगायोग सिनेमातला. आणि बेबी चाऊ. जिच्यासाठी एवढं रामायण, तिच्या डोक्यात आपण फारसे शिरतच नाही. रिचर्डसनांच्या दिवाणखान्यातला सोफा मला डोळे मिटून दिसतो. बेबीची खोली आठवत नाही. इंगबाईंचे आईवडील हाँगकाँगहून आलेले, त्यांच्याकडून ही अपेक्षा जास्त होती.

२०२० मध्ये यावर आठ भागांची मालिका आली, रीस विदरस्पून एलेना आणि केरी वॉशिंग्टन मिया. मालिकेत मिया आणि पर्ल कृष्णवर्णीय आहेत. पुस्तकात तसं नाही, तिथे दरी मुख्यतः पैशाची. या एका बदलाने मोलकरणीचा प्रसंग पेटतो, एलेनाला स्वतःलाच आपले शब्द बोलता बोलता ऐकू येतात. दोघींचा अभिनय उत्तम. शेवट मात्र बदललाय, आग लावणारे हातच बदललेत, आणि सगळे सगळ्यांवर इतके ओरडतात की मी आवाज कमी केला. बाळ झोपलं होतं म्हणून नाही. पुस्तकातली एलेना ओरडत नाही, म्हणून तिची भीती वाटते.

ती काय करते, तर उपकार मोजते. मियाला जा म्हणताना तिला खरंच वाटतं की आपल्याशी दगा झाला, इतकं केलं या बाईसाठी. ते पान वाचताना माझे कान गरम झाले. मावशींनी काम सोडायचं म्हटलं तेव्हा त्यांचा मुलगा दहावीत नापास झाला होता, आजी थकली होती, त्यांना गावी जायचं होतं. मी एक वर्ष त्याची फी भरली होती, दिवाळीला साड्या दिल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, एवढं केलं आम्ही तुमच्यासाठी, आणि ऐन परीक्षेत पोरीला टाकून निघालात?” अहो-जाहो करत म्हटलं, सौम्य आवाजात. लेक तेव्हा पाचवीत होती, पाचवीची कसली परीक्षा! मावशी अजून दोन महिने थांबल्या.

पुस्तक लेकीनेही वाचलं, रात्री बाळाला पाजताना. संपवलं त्या सकाळी मला म्हणाली, “आई, मावशींचा मुलगा तेव्हा केवढा होता गं?”

“तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा.”

“म्हणजे मी सहा महिन्यांची असताना तो जेमतेम साडेपाचचा.” एवढं बोलून ती बाळाचं लंगोट बदलायला लागली. मी अळिवाची खीर ढवळत होते. सहा महिने मी तिथे न्हाऊमाखू, रात्रीचं जागरण, लाडू सगळं केलं, बिनपगारी मावशीच म्हणा. फरक इतकाच की माझा कप त्यांच्याच फळीवर होता आणि माझं परतीचं तिकीट जावयाने काढलं होतं.

आता घ्यावं की नाही ते सांगते. इंग्रजी सोपं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मला शब्दकोश चार-पाचदाच उघडावा लागला. पेपरबॅक साडेतीनशेच्या आसपास पानांची आणि वजनाला हलकी: एका खांद्यावर ढेकर काढायला बाळ आणि दुसऱ्या हातात पुस्तक हे जमतं, मी करून पाहिलंय. अक्षर बारीक, चष्मा लागतो. पाचपैकी चार. अर्धा गुण मियाच्या संतपणासाठी कापला, अर्धा बेबीसाठी. फार स्वस्त दिसली तर घेऊ नका. घेतलीच तर कोर्टाचा प्रसंग आधी उघडून पानांचे आकडे मोजा. माझी प्रत मागू नका, ती लेकीकडेच राहिली. तिने त्यात पेन्सिलीने खुणा केल्यात, कुठे ते मी पाहिलेलं नाही.